दोन श्रावणांच्या सालचा मुराळी

इलाही पिंजाऱ्याला पहिली मुलगी झाली, सलमा, ते साल दोन श्रावणांचं होतं. महाराज गादीवर बसल्याला पंधरा वर्षं झाली होती. सलमा जन्मली ती पहिल्या श्रावणात, म्हणजे अधिक महिन्यात, आणि तिचं नाव ठेवलं त्या दिवशी शेजारच्या सयाजी चौगुल्यानं सगळ्या कळंब्यात गूळ वाटला. लोक म्हणाले, नात झाल्यासारखा नाचतोय की. सयाजी म्हणाला, "मग काय खोटं हाय त्यात?"

खोटं नव्हतंच. चोवीस वर्षांपूर्वी सयाजीची बायको बाळंतपणात गेली आणि तान्ही पोर मागं राहिली. इलाहीची आई शहाजादी तेव्हा चार महिन्यांच्या इलाहीला पाजत होती. तिनं त्या पोरीलाही पदराखाली घेतलं. तीच बाळाबाई. एका अंगणात दोघं रांगली, एका परातीत जेवली. दर भाऊबीजेला बाळाबाई इलाहीला ओवाळायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शहाजादी म्हणायची, आमच्यात दुधाची बहीण म्हणजे सख्खी बहीण, तिच्याशी लग्नसुद्धा लागत नाही, मग आणखी काय पाहिजे.

बाळाबाईचं लग्न झालं ते लांब, डोंगरापलीकडच्या कडेवाडीत. दर साली दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी सयाजी स्वतः तिला दिवाळीसाठी आणायला जायचा. मुराळी म्हणून खरं तर भावानं जायचं. पण इलाहीचा तो धंद्याचा हंगाम. थंडी तोंडावर आली की पिंजाऱ्यानं गावोगाव फिरून लोकांच्या गाद्या-दुलयांचा कापूस पिंजायचा. तो म्हणायचा, फुडल्या साली जातो. अशी आठ सालं गेली. नवव्या साली सयाजी तापानं पडला आणि कडेवाडीला कुणीच गेलं नाही.

त्यानंतर आलं हे दोन श्रावणांचं साल. दसरा लांबला तो ऐन भाताच्या कापणीत आला. सयाजी म्हणाला, एवढं भात घरात पडू दे, मग निघतो. भात घरात पडलं, वसुबारसेला तो निघाला, आणि गावच्या वेशीतच बैल बुजून गाडीखाली त्याचा पाय आला.

इलाही इचलकरंजीकडची गावं करून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरी आला. खांद्यावरचं पिंजण भिंतीला टेकवतो न टेकवतो तोच शहाजादी म्हणाली, "आधी सयाजीकडं जा. त्यो सकाळधरनं तुझंच नाव घ्यालाय."

सयाजी बाजेवर पडला होता. पायाला कळकाच्या कांबी बांधलेल्या.

"लेका," तो म्हणाला, "कडेवाडीचा निरोप हाय. मीठवाला घेऊन आला."

"काय म्हणत्यात?"

"शालूबाई म्हणती, गेल्या साली कोण आलं न्हाय. औंदा भाऊबीजेचा चंद्र बुडंपतोर दारात मुराळी आला तर सून धाडीन. न्हाय आला तर ती चंद्राला ओवाळील, आणि मग तिचं माहेर संपलं. फुडं कुणी यायचं न्हाय, तिनं जायचं न्हाय."

शालूबाई म्हणजे बाळाबाईची सासू. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, ही रीत सगळ्यांना माहीत. पण भाऊ असलेल्या बाईनं चंद्राला ओवाळायचं म्हणजे भाऊ मेला असं चारचौघांत सांगणं. इलाहीनं बोटं मोजली. तो म्हणाला, "परवा भाऊबीज. आज ही येळ."

"म्हणून तर म्हणतोय. पहाटं निघालास तर मुक्कामाला राशिवडं गाठशील. परवा दिस कलायच्या आत कडेवाडी."

"तात्या, मला वाट ठावं न्हाय."

"वाट सोपी हाय. राशिवड्याच्या फुडं डोंगर चढलास की वर मोठा सडा लागतो, नुसता कातळ. सड्याच्या पल्याड रान. रानात सगळ्या बाजूनं ढोरवाटा गेल्यात, त्यांच्या नादाला लागू नगंस. सगळं रान हिरवंगार असतंय, त्यात एकच झाड लालभडक दिसल. किंजळीचं. लांबनं दिसतंय, आंधळ्यालाबी घावंल. त्याच्या बुडातनं खाली उतरलास की कडेवाडीच्या परड्यात."

"एकच हाय न्हवं नक्की?"

"आठ सालं बघतोय की मी. तुला काय चित्तर काढून दावू?"

पाडव्याच्या पहाटे इलाही निघाला. शमशादनं, त्याच्या बायकोनं, भाकरी बांधून दिल्या. सयाजीनं बाळाबाईसाठी चोळीचा खण दिला, तो त्यानं अंगरख्याच्या आत छातीशी ठेवला. पिंजाऱ्याला चालायची सवय असते, पण ती गावातून गावाकडं, बैलगाडीच्या रस्त्यानं. शिवाय वाटेत थांबून "पिंजारी आलाय" म्हणून हाळी घालायची, चिलीम ओढायची. आज थांबायचं नव्हतं. भोगावतीच्या काठानं ऊस उभा होता, शिवारात भुईमूग उपटायला माणसं लागली होती. दोन ठिकाणी बायकांनी हाक मारली, दुलई पिंजून द्या की म्हणून. त्यानं मान वळवली नाही. पाठीमागून एक म्हणाली, "पिंजाऱ्याला काय वाघ लागलाय का काय?"

राशिवड्यात एका ओसरीवर पाठ टेकली, पण डोळा लागला नाही. तांबडं फुटायच्या आधीच तो डोंगराच्या पायथ्याला होता.

चढ उभा होता. कमरेएवढं गवत वाळून पिवळं झालेलं, त्यात कुसळं. ती धोतरात शिरून पोटऱ्यांना टोचत होती. उन्हं चांगली वर आली तेव्हा तो सड्यावर पोचला. काळा कातळ लांबवर पसरलेला आणि त्यापलीकडं रान. इलाहीनं घाम पुसला, कपाळावर हात धरला आणि पुढं बघितलं.

सगळं रान तांबडं होतं.

एक झाड नाही, दहा नाहीत. नजर जाईल तिथवर डोंगराच्या सोंडांवर किंजळीची झाडं फळांनी पिकून विटकरी झाली होती. मधूनच नाण्याच्या झाडाची पानं पिवळी पडलेली, कुंभ्याची शेंदरी. कुठं कुठं अंजनीचं नाहीतर जांभळाचं एखादं हिरवं झाड त्या रंगात अवघडून उभं होतं. वारा आला की सगळा डोंगर हलायचा आणि त्यातून सुक्या फळांचा बारीक खळखळाट उठायचा. दुसरा कुणी असता तर घटकाभर बसून बघत राहिला असता. इलाही मात्र त्यात सयाजीचं एकच झाड शोधत होता.

"तात्या," तो तिथंच मोठ्यानं बोलला, "आंधळ्याला घावंल म्हणालतासा. आता डोळसानं काय करायचं?"

उभं राहून भागणार नव्हतं. त्यानं मनाशी ठरवलं, सगळ्यांत लाल असेल ते झाड धरायचं. तसं एक दिसलं, डाव्या अंगाला, कडेवर. तो तिकडं पळाला. जवळ गेला तर त्याच्या शेजारचं त्याहून लाल. त्याच्या बुडात खरंच एक वाट होती. तो उतरायला लागला. वाट खाली जाता जाता बारीक झाली, मग दगडांत शिरली आणि एका कोरड्या ओढ्यात संपली. पुढं कडा. इलाहीनं तोंडाशी हात धरून हाका मारल्या. माकडं तेवढी ओरडली.

परत वर चढेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. भाकरी सोडायलाही त्याला धीर नव्हता. चालता चालता एक तुकडा मोडून तोंडात टाकला. दुसरं झाड त्यानं उजवीकडचं धरलं, एकटं उभं होतं म्हणून. एकच झाड असं सयाजी म्हणाला होता. एकटं म्हणजेच एकच, असं त्यानं मनाला समजावलं. ती वाट ढोरांची निघाली, फिरून फिरून दिस कलताना पाण्याच्या डबक्याशी गेली. तिथं चिखलात म्हशी बसल्या होत्या आणि काठावर एक धनगर बाई हातात काठी घेऊन उभी होती. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, दात मोजकेच.

"काय पावणं," ती म्हणाली, "मगाधरनं बघतोय. ह्या झाडाकडनं त्या झाडाकडं पळतायसा. मधमाशी हाईसा का काय?"

"कडेवाडीला जायचंय, मावशी."

"मावशी न्हवं, झुंबरबाई म्हणत्यात मला. कडेवाडीत काय काम?"

"मुराळी हाय. भणीला न्हेयला आलोय."

झुंबरबाईनं त्याला खालीवर बघितलं. दाढी, अंगरखा, डोक्याचा रुमाल. "मुसलमान दिसतायसा."

"व्हय. पिंजारी. एका आईचं दूध प्यालोय आमी."

"असं व्हय," ती म्हणाली. "माझ्या म्हशीच्या दुधावर अर्धी कडेवाडी वाढली. त्यातला एक मला न्हेयला येत न्हाय."

इलाहीला हसायला सुद्धा सुचलं नाही. त्यानं घाईघाईनं सगळं सांगितलं. सयाजीचा पाय, शालूबाईचा निरोप, हिरव्या रानातलं एक लाल झाड. बोलता बोलता तो सारखा सूर्याकडं बघत होता. झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि काठी जमिनीवर आपटली.

"तुमचा म्हातारा यायचा कवा?"

"दसरा झाला की."

"आणि आज भाऊबीज. त्यात औंदा श्रावण किती आलं?"

इलाहीची स्वतःची लेक अधिकात जन्मली होती. आपल्या आईला त्यानंच हौसेनं सांगितलं होतं, औंदा सगळे सण म्हैनाभर फुडं गेले म्हणून. आणि तेच इथं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हाताऱ्याच्याही आलं नव्हतं.

"झाडं पिकली ती आपल्या येळंला पिकली," झुंबरबाई म्हणाली. "तुमचीच दिवाळी लांबली. त्याला झाड काय करंल?"

"मग ते झाड कुठलं हो त्यातलं?"

"त्याच्यावर वीज पडलीया, लई सालं झाली. अर्धं खोड जळाल्यालं. म्हणून ते सगळ्यांच्या आधी पिकतंय. आणि आधी पिकलं ते आधी झडलं बी. आता त्याच्यावर एक फळ न्हाय का पान न्हाय. तांबडं बघत फिरलासा तर उद्याच्याला बी घावायचं न्हाय. बोडकं बघा."

इलाहीला एकदम आठवलं. सड्याच्या कडेला, अगदी समोर, एक वठलेलं झाड होतं. सकाळपासून तो त्याच्या शेजारून दोनदा पळाला होता. पहिल्यांदा त्याला टेकून त्यानं दमही खाल्ला होता.

"येतो," एवढंच म्हणून तो वळला.

"अवो, ताक तरी पिऊन जावा."

"चंद्र बुडंल की."

"मग पळा," झुंबरबाई म्हणाली, "आणि शालीला सांगा, झुंबरी विचारत होती म्हणून. माझी एक घागर हाय तिच्याकडं."

तो डबक्यापासून सड्यापर्यंत पळतच चढला. भाकरीचं गाठोडं वाटेत सुटून पडलं, ते उचलायला तो वाकला नाही. वठलेल्या झाडाशी पोचला तेव्हा सूर्य बुडून आभाळ जांभळं झालं होतं. पलीकडच्या डोंगराच्या वर, हात-दोन हात उंचीवर, चंद्राची कोर दिसत होती. केसाएवढी बारीक. ईदेच्या आदल्या संध्याकाळी असा चंद्र शोधायची त्याच्या डोळ्यांना लहानपणापासून सवय होती, आणि तो किती लवकर जातो हेही त्याला ठाऊक होतं. झाडाच्या बुडातून वाट खरंच सरळ खाली जात होती. खाली कडेवाडीची दहा-बारा छपरं आणि पणत्यांचे ठिपके. तो उतरायला लागला. दर दहा पावलांनी मान वर करून तो चंद्राकडं बघायचा आणि दर खेपेला चंद्र डोंगराच्या जास्त जवळ आलेला असायचा. इलाही अर्ध्या उतारावर असताना चंद्र डोंगरामागं गेला.

इलाही थांबला नाही. धापा टाकत, गुडघे खरचटलेले, तो पहिल्या घराच्या परड्यात उतरला. तेच शालूबाईचं घर.

अंगणात बायका जमल्या होत्या. मध्ये बाळाबाई उभी होती, हातात तबक. तबकातलं निरांजन लागलेलं नव्हतं. शेजारी शालूबाई, उंच, काटक, पदर खोचलेला.

"दोन घटका झाल्या," शालूबाई सगळ्यांना सांगत होती, "वात लागंना म्हणती. तेल घाल म्हटलं तर तेल सांडलं म्हणती. आता चंद्र बी गेला. आता कुणाला ओवाळतीयास, म्हशीला?"

बाळाबाईनं वर बघितलं आणि तिला इलाही दिसला.

"मी आलोय," इलाही म्हणाला. "मुराळी. कळंब्याचा."

"कोण म्हणायचं तुमी?"

"इलाही. तिचा दूधभाऊ."

बायकांत कुजबुज झाली. शालूबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. "नाव ऐकून हाय," ती म्हणाली. "धा सालं ती इलाहीदादा, इलाहीदादा म्हणती. मला वाटलं मनानं काढलंय. बरं झालं आलासा, पाणी प्या. पण मी बोल्ले ते बोल्ले. चंद्र बुडंपतोर म्हणाले होते. बुडाला."

"तुमच्या अंगणातनं बुडाला," इलाही म्हणाला. "मी वर हुतो तवा हात-दीड हात हुता. आत्ता घटकाभरामागं. वर गेलं तर अजून दिसंल."

"आमच्यात अंगणातला चंद्र बघत्यात. डोंगरावरचा धनगरांचा."

"निरोपात अंगण न्हवतं, मामी. नुसता चंद्र हुता."

कुणीतरी हसलं. शालूबाईला नवराही नव्हता आणि दीरही नव्हता. घरात तिचाच शब्द चालायचा, आणि शब्दाला ती पक्की होती. तेवढ्यात बाळाबाई वळली. तिनं निरांजन चुलीतल्या काडीनं एका दमात लावलं, त्यावर हाताचा आडोसा धरला आणि परड्यामागच्या चढाला लागली. वात आता बरोबर लागली, हे सगळ्यांनी बघितलं.

"आकाराम," शालूबाई मुलाला म्हणाली, "बघत काय बसलायस? बायकु अंधारात पडंल. टेंभा घे."

आकाराम, बाळाबाईचा नवरा, मुखदुर्बळ माणूस. तो टेंभा घेऊन पळाला. त्याच्यामागं इलाही, आणि त्याच्यामागं, काष्टा आवळून, शालूबाई.

"मी डोळ्यानं बघितल्याबिगर मानायची न्हाय," ती चढता चढता म्हणत होती. "मागनं म्हणाल दिसला आणि मी खाली बसून ऐकून घ्यायचं व्हय?"

चढ कसला, दगडगोटेच होते. बाळाबाई अनवाणी, तबक सांभाळत पुढं. इलाहीचे पाय दिवसभरात आता चौथ्यांदा चढत होते, पोटऱ्यांत गोळे आले होते. दर थोड्या वेळानं बाळाबाई वळून पश्चिमेला बघायची. डोंगराची काळी कड आणि त्यामागं नुसता फिकट उजेड. "अजून वर," इलाही म्हणायचा. परत चढायचं, परत वळून बघायचं. नुसता उजेड. त्याला वाटलं, आपण खोटे पडलो. ह्या बाईसमोर, बाळाबाईसमोर. शेवटी तो पुढं होऊन एका मोठ्या धोंड्यावर चढला आणि त्यानं मागं हात केला.

"हितनं," तो म्हणाला. "हितनं दिसतोय. लवकर."

कोरीचं वरचं टोक डोंगराच्या कडेवर होतं, नखाएवढं. बाळाबाई धोंड्यावर आली. शालूबाई धापा टाकत खाली उभी राहिली, डोळे बारीक करून बघितलं, परत बघितलं.

"ओवाळ की मग," ती बाळाबाईवर खेकसली. "तोंड काय बघतीयास त्याचं? बुडाला तर माझ्यावर घेऊ नगंस."

बाळाबाईनं इलाहीला कुंकू लावलं आणि ओवाळलं. घाईत कुंकू नाकावर ओघळलं. इलाहीनं छातीशी ठेवलेला खण काढला. घामानं तो ओला झाला होता. तबकात टाकताना त्याला लाज वाटली. "तात्यानं दिलाय," तो म्हणाला, "त्याचा पाय मोडलाय, म्हणून मी आलो."

"धा सालं लावलीस," बाळाबाई म्हणाली.

"व्हय."

"तात्यानं पाय मोडून घेतला म्हणून आलास. त्यो धड असता तर आला नसतास."

तो म्हणाला, "आता दर साली येतो."

"बघू."

"झुंबरबाई विचारत होती," तो शालूबाईला म्हणाला, काहीतरी बोलायचं म्हणून. "तिची घागर हाय म्हणं तुमच्याकडं."

"असू दे," शालूबाई म्हणाली. "तिची म्हस माझी भाजी खाऊन गेलीया. चला खाली, जेवाय बसायचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाबाई माहेरी निघाली. शालूबाईनं वेशीपर्यंत येऊन पोचवलं आणि पंधरा दिवसांत परत आली नाही तर स्वतः आणायला येईन म्हणून बजावलं. वाटेत सड्यावर इलाहीनं बसूया का म्हणून विचारलं, तर बाळाबाई म्हणाली, तात्या वाट बघत असंल, आणि ती त्याच्यापुढं चालत राहिली.

इलाहीनं दिलेला शब्द पाळला. दसरा झाला की तो पिंजण भिंतीला टांगायचा आणि डोंगर चढायचा. असा आणखी आठ वेळा तो गेला. सयाजी तोपर्यंत म्हातारपणानं गेला होता, पण माहेर मोडलं नव्हतं, शहाजादीच्या घरात बाळाबाई दिवाळी करायची. नवव्या साली गावोगाव मानमोडीच्या तापाची साथ होती. लोक म्हणाले, औंदा कुठं जाऊ नकोस. इलाही घरात सात दिवस अस्वस्थ फिरला आणि आठव्या दिवशी निघाला.

शके अठराशे चाळीस, आश्विन वद्य चतुर्थी. त्या दिवशी दुपारी इलाही राशिवड्याच्या पुढं डोंगर चढत होता, आणि कडेवाडीत बाळाबाई मानमोडीच्या तापानं वारली.